इंजिन नवं, गिअरबॉक्स जुना : एका जीपच्या डिझेल होण्याचा इतिहास

मागच्या पोस्टवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला : "दादा, संशोधनाचा प्रश्न नेमका सापडतो कुठं?" लायब्ररीत सापडतो, गाईडच्या केबिनमध्ये सापडतो, हे तुम्हाला माहीत आहेच. माझा एक प्रश्न मात्र धाराशिवच्या एका गॅरेजमध्ये, जीपखाली उताणा पडलो असताना सापडला. आणि पहिल्यांदा मी त्याचं उत्तर चुकीचं काढलं होतं. आज त्या चुकीबद्दल लिहितो, कारण पीएच.डी.च्या तयारीत तुम्हाला त्याचा उपयोग जास्त होईल.

जीप जुनी, विलीज जातीची, उंच बॉनेटची. बॉनेट उघडलं की आत डिझेल इंजिन. खाली सरकून पाहिलं तर गिअरबॉक्स मात्र मूळचाच, तीन गिअरचा. म्हणजे एका गाडीत दोन काळ. मी एम.एस्सी. फिजिक्सचा, त्यामुळं डोक्यात लगेच गृहीतक तयार झालं : डिझेल इंजिन जास्त ताकदीचं, गिअरबॉक्स कमी ताकदीच्या पेट्रोल इंजिनासाठी बनवलेला, म्हणून असे गिअरबॉक्स मोडत असणार. कच्च्या टिपणात मी तसं लिहूनही टाकलं. मिस्त्रीकाकांना वाचून दाखवलं तर ते हसले. म्हणाले, "ताकदीनं कशाला मोडतंय लेकरा? सेंटर गेलं की मोडतंय."

त्या एका वाक्यानं माझं अर्धं टिपण गेलं. कसं, ते क्रमानं सांगतो.

जीप हा ट्रकच

आधी एक नाव समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या कागदोपत्री या गाडीचं नाव "ट्रक, पाव टन, ४ बाय ४" असं होतं. जीप हे बोलीतलं नाव. तेव्हा जीपचा इतिहास हा ट्रकच्या इतिहासाचाच एक भाग आहे. युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या लिलावांतून अनेक जीपा भारतात खासगी हातांत आल्या. पुढं महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला आणि मग बनवायला सुरुवात केली. सी.जे.-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आलं. त्याच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होता, त्यामुळं इंजिनाची उंची वाढली आणि म्हणून बॉनेटही उंच झालं. आपल्याकडं हे मॉडेल कितीतरी दशकं बनत राहिलं.

मराठवाड्याच्या रस्त्यांवर मोटारी याच्या आधीपासून होत्या. धाराशिव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेनं २७ बसगाड्यांवर रस्ते वाहतूक खातं सुरू केलं. तिकडं मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्या काळच्या एस.टी.च्या ताफ्यात शेव्हर्ले, फोर्डसन, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा १० कंपन्यांच्या गाड्या होत्या. आता विचार करा, १० कंपन्या म्हणजे १० तऱ्हेचे स्पेअर पार्ट, त्यातले बरेचसे परदेशी, आणि वर आयातीवर बंधनं. एकाचं इंजिन दुसऱ्याला बसवण्याची आपल्या मिस्त्रींची हातोटी या टंचाईत वाढली असावी, असं माझं अनुमान आहे. मुद्दाम अनुमान म्हणतोय. पुराव्याकडं नंतर येतो.

आधी ट्रक डिझेल झाले

इंजिन बदलण्याची लाट जीपच्या आधी ट्रकांत आली. इंग्लंडमधल्या पीटरबरो इथं फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ मध्ये कंपनी काढली आणि १९३७ मध्ये पी-६ हे सहा सिलिंडरचं, सुमारे ४.७ लिटरचं डिझेल इंजिन आणलं. पेट्रोल ट्रकच्या जागेत बसेल असं हे इंजिन होतं, आणि बेडफर्ड, डॉज यांसारख्या ट्रकांत ते भरपूर बसवलं गेलं. चेसिस तीच, गिअरबॉक्स तोच, फक्त इंजिन नवं. पुढं भारतात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीनं पर्किन्स इंजिनं बनवायला घेतली. डॉज-फार्गो ट्रक आपल्याकडं मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार व्हायचे. ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद हे मूळचे आपल्या शेजारच्या सोलापूरचे.

१९५४ मध्ये टेल्कोनं डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून कारखान्यातच डिझेल इंजिन बसवलेले ट्रक यायला लागले. त्यानंतर ट्रकांत इंजिन बदलण्याची गरज हळूहळू कमी होत गेली. जीपमध्ये मात्र ती तेव्हा सुरू व्हायची होती.

जीपला डिझेल का, आणि कुठून?

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं. पेट्रोलवर भाड्याची जीप चालवणं परवडेना. महिंद्रांच्या घरात एक डिझेल इंजिन आधीच होतं, पण ट्रॅक्टरचं. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली होती आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ ट्रॅक्टर बनत होता. त्याच घराण्यातलं सुमारे २३५० सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. पुढं १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि एक्सडीपी ४.९० हे इंजिन आलं. त्यासाठी इगतपुरीला इंजिनाचा कारखाना उभा राहिला.

इथं एक छोटी गंमत सांगतो. कागद नसले तरी मोजमाप बोलतं. ४.९० म्हणजे ४ सिलिंडर, ९० मिमी बोअर. स्ट्रोक ८३ मिमी. गुणाकार करून बघा, २११२ सीसी येतात. पूर्ण मिलिमीटरमधले आकडे, म्हणजे मेट्रिक देशातलं डिझाइन. आता नंतरच्या बोलेरोतलं २५२३ सीसीचं इंजिन घ्या. बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी. असे विचित्र आकडे का? ८८.९ म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि १०१.६ म्हणजे बरोबर ४ इंच. हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाची इंचातली वंशावळ त्या मिलिमीटरमध्ये लपून बसली आहे. व्हर्निअर कॅलिपर हेसुद्धा इतिहासाचं साधन आहे, ते असं.

माझं गृहीतक कुठं पडलं

आता ताकदीकडं येऊ. हरिकेन पेट्रोल इंजिनाचा छापील टॉर्क ११४ पाउंड-फूट, म्हणजे सुमारे १५.८ किलोग्रॅम-मीटर. प्यूजो एक्सडीपीचा साधारण १२ किलोग्रॅम-मीटर. म्हणजे डिझेलचा टॉर्क कमी! मी उलटं धरून बसलो होतो.

पण थांबा, इथं दुसरा सापळा आहे. त्या काळचे अमेरिकन आकडे "ग्रॉस" असायचे : पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न जोडता टेस्ट बेंचवर मोजलेले. युरोपातले आकडे बहुतेक वेळा हे सगळं जोडून मोजलेले. एकच एकक, पण मोजण्याची पद्धत वेगळी. हे न बघता दोन आकडे शेजारी मांडले तर तक्ता सुंदर दिसतो आणि निष्कर्ष चुकतो. फरक गाळून पाहिला तरी "डिझेल फार ताकदवान म्हणून बॉक्स मोडतो" हे काही सिद्ध होत नाही.

मग फरक पडतो कुठं? दोन ठिकाणी.

पहिलं, धक्क्यांत. टॉर्कचा छापील आकडा ही सरासरी असते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट होतात. हरिकेनचं कॉम्प्रेशन ७ च्या आसपास, अशा डिझेलचं २० च्या वर. सरासरी सारखी असली तरी प्रत्येक स्फोटाचा ठोका डिझेलचा मोठा. तो क्लच प्लेटच्या स्प्रिंगांनी आणि जड फ्लायव्हीलनं पचवायचा असतो. नाही पचला तर गिअरचे दात एकमेकांवर वाजत राहतात.

दुसरं, फेऱ्यांत. हे गणित स्वतः करून बघा. सी.जे.-३बीचा ॲक्सल रेशो ५.३८. टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर. वरचा गिअर थेट, म्हणजे १ ला १. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या फिरलं तर गाडी ताशी ९८ किमी जाते. बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन १८७५ फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतं. त्या फेऱ्यांना तीच जीप ताशी ४६ किमी! इंजिन २५०० पर्यंत ताणलं तरी ६१. वरचा गिअर आधीच थेट असल्यामुळं मूळ बॉक्स इथं काहीच मदत करू शकत नाही. वेग हवा तर मागचा ॲक्सल रेशो बदला किंवा बॉक्सच बदला. तुळजापूरचा घाट चढताना हाच रेशो देवासारखा वाटतो, आणि सोलापूरच्या सपाट रस्त्याला लागलं की डोकेदुखी होते.

मग जुना बॉक्स ठेवायचा कशाला?

हौसेपोटी नाही. जीपमध्ये टी-९० गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस थेट बोल्टनं जोडलेली असते आणि तिथून पुढच्या-मागच्या चाकांकडं प्रॉपेलर शाफ्ट जातात, तेही मध्यातून नाही, एका बाजूनं. बॉक्स बदलला की लांबी बदलते, दोन्ही शाफ्ट बदलतात, माउंटिंग, लिव्हर, फ्लोअरमधली भोकं, सगळंच बदलतं. इंजिन बदललं तर फक्त एक सांधा बदलतो, इंजिन आणि बॉक्स यांच्यामधला. म्हणून खर्चाच्या हिशेबात बॉक्स टिकला.

आणि तो एक सांधा म्हणजे मिस्त्रीकाकांचं "सेंटर". इंजिनाची मागची बाजू आणि बेल हाउसिंग यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये लेथवर तयार केलेली जाड प्लेट घालतात. प्लेटच्या जाडीएवढा बॉक्स मागं सरकतो. मग इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत पोचत नाही, म्हणून लांब गनमेटलचा बुश. क्लच प्लेट अशी हवी की बाहेरचा व्यास नव्या फ्लायव्हीलचा आणि मधले दाते जुन्या शाफ्टचे. स्टार्टर रिंगला बरोबर लागला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रँकचा अक्ष आणि इनपुट शाफ्टचा अक्ष एका रेषेत हवेत. डायल गेज फ्लायव्हीलला बांधून हाउसिंगच्या भोकाभोवती फिरवतात. सुई साधारण ५ थाउजंडाच्या आत, म्हणजे ०.१३ मिमीच्या आत हलली पाहिजे. त्याहून जास्त हलली तर शाफ्ट प्रत्येक फेरीला किंचित वाकतो. आधी पायलट बुश जातो, मग पुढचं बेअरिंग, मग गिअर आपोआप सुटायला लागतो. लोक म्हणतात, "डिझेलनं बॉक्स खाल्ला." खरं तर तो सेंटरनं खाल्लेला असतो.

हा इतिहास कुठं नोंदलाय?

इथं खरी अडचण आहे. कंपनीनं केलेले बदल कागदावर मिळतात; गॅरेजात केलेले मिस्त्रींच्या हातात आहेत, आणि ते हात म्हातारे होतायत. त्या बाहेर एक चांगला स्रोत म्हणजे जुनी आर.सी. बुकं. इंजिन नंबर बदलल्याची नोंद, इंधनाच्या रकान्यातली खाडाखोड, शिक्का, तारीख. हे सगळं पुरावा आहे.

कायद्यामुळं हा पुरावा आणखी नाजूक झालाय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम आणले : ५० वर्षांहून जुनी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी. सुरक्षेच्या आणि जतनाच्या दृष्टीनं नियम समजण्यासारखे आहेत. पण परिणाम बघा. जी जीप पेट्रोलवर एका कोपऱ्यात धूळ खात पडली, ती "मूळ" ठरते. जी डिझेल होऊन ४० वर्षं माणसं, कांद्याची पोती आणि बाळंतिणी वाहत राहिली, ती ना नवी, ना विंटेज. अशा गाड्या भंगारात गेल्या की त्यांच्याबरोबर प्लेटा, बुश आणि आर.सी. बुकंही जातात.

माझं मत असं झालंय : या गाडीच्या बाबतीत "मूळ" म्हणजे कारखान्यातून निघालेला एक दिवस नाही. तिच्यावर झालेला प्रत्येक बदल तिच्या इतिहासाचाच भाग आहे.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

एक, गृहीतक आवडलं की आधी त्याच्या उलट आकडे शोधा. मला ११४ हा आकडा पहिल्याच दिवशी बघता आला असता.

दोन, दोन आकड्यांची तुलना करण्याआधी ते कसे मोजले ते बघा.

तीन, मिस्त्री, फिटर, लेथवाले यांच्याशी बोलताना त्यांना "माहिती देणारे" समजू नका. "सेंटर" हा शब्द त्यांचा सिद्धांत आहे. तो तपासायचं काम आपलं. परवानगी घ्या, नाव छापायचं की नाही ते विचारा, आणि टिपण लिहिल्यावर त्यांना वाचून दाखवा. ते हसले तर वाईट वाटून घेऊ नका. माझा सिनॉप्सिस त्या हसण्यानंच सुधारला.

तुमच्या घरी, वाड्यात, शेतात अशी एखादी जीप उभी असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा : इंजिन नंबरचा, बेल हाउसिंगच्या सांध्याचा आणि आर.सी. बुकाच्या सगळ्या पानांचा फोटो काढून ठेवा. ज्यानं तो सांधा जुळवला, त्याचं नाव घरातल्या कुणाला आठवतंय का, तेही विचारा.