घामाची साक्ष

दुधातले पाणी ओळखण्यासाठी पूर्वी काही घरांतून एक काचेची नळी असे. लॅक्टोमीटर तिचे नाव. आमच्याही घरी होती. दुधात सोडली की ती डुलत डुलत उभी राही आणि आई तिच्यावरची खूण वाचून गवळ्याच्या चारित्र्याविषयी निकाल देई. गवळी मात्र त्या नळीला कधी भ्याला नाही. कारण नळीला दूध कळत नाही, कळते ती फक्त घनता. पाणी घातले की घनता उतरते. पण आधी साय काढून घेतली की ती चढते. तेव्हा आधी साय काढावी आणि मग बेताने पाणी घालावे. नळी इमानाने हव्या त्या खुणेवर उभी! 'पाहा बाई, तुमचीच नळी सांगून राहिली,' असे म्हणून गवळी सायकलीवर टांग मारून निघून जाई.

खोटे पकडण्याच्या यंत्राबद्दल वर्तमानपत्रात काही आले की मला हटकून ही नळी आठवते. एखादा खून झाला, मोठी चोरी झाली आणि तपास अडला, की 'संशयिताची लाय डिटेक्टर चाचणी' असा मथळा झळकतो. मग आमच्या कोपऱ्यावरच्या पोह्याच्या ठेल्यावर तर्रीबरोबर चर्चाही उकळू लागते. 'आता कसा सुटते तो? मशीनसमोर थोडीच चालते खोटं!' अशी एकंदर लोकभावना. माणसावरचा विश्वास उडाला की आपला यंत्रावर फार लवकर बसतो.

यंत्र नवे असले तरी हौस जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत खोट्या माणसाची लक्षणेच दिली आहेत. तो एका जागी ठरत नाही, ओठांच्या कडा चाटतो, त्याच्या कपाळाला घाम येतो, तोंडाचा रंग बदलतो, शब्द कोरडे पडून अडखळतात. (ही यादी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मुलगी पाहायला गेलेले यच्चयावत उपवर तरुण उभे राहिले.) याच स्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. चोरीच्या संशयितासाठी इतर स्मृतिकारांनी तांदळाचे दिव्य सांगितले. तांदूळ चावून थुंकायचे. त्यात रक्त दिसले, अंग थरथरले, की हा चोर. भीतीने तोंडाला कोरड पडते, एवढे शरीरशास्त्र त्यात नक्कीच होते.

मराठेशाहीत रवादिव्य होते. पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा तंटा कागदांनी आणि साक्षींनी सुटेना, की वादीला उकळत्या तेलातुपात हात घालून धातूचा तुकडा काढायला लावीत. आधी नखे कापून हात धूत. नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करीत. ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष पिशवी सोडायची. फोड नसला तर वतन खरे. जाड कातडीच्या माणसाकडे गावाचा कारभार सोपवण्याची आपली प्रथा तेव्हापासूनची असावी.

पुढे विज्ञानयुग आले आणि तेलाची जागा कागदाच्या गुंडाळीने घेतली. १८९५ मध्ये इटलीच्या लोम्ब्रोसोने संशयितांच्या नाडीवरून खरेखोटे ओळखण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने रक्तदाबाचा धागा पकडला. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या पोलीस खात्यातील लार्सनने रक्तदाब आणि श्वास यांची सलग नोंद करणारे यंत्र बांधले. हा लार्सन शरीरशास्त्रातला डॉक्टरेट मिळवलेला पोलीस. असा योग दुर्मीळच. त्याचा साथीदार कीलर याने त्वचेतल्या विजेच्या मोजमापाची भर घातली. मार्स्टनने आपली चाचणी न्यायालयात मांडायचा प्रयत्न केला. पण १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने 'शास्त्रज्ञांनाच अजून ही मान्य नाही' म्हणून ती बाजूला सारली. मार्स्टन हरला नाही. १९४१ मध्ये त्याने 'वंडर वुमन' ही चित्रकथेतली नायिका जन्माला घातली आणि तिच्या हाती एक जादूची दोरी दिली. त्या दोरीत सापडलेल्याला खरे बोलावेच लागते! न्यायालयात जे चालले नाही ते चित्रकथेत उत्तम चालले. लार्सन मात्र पुढे स्वतःच्याच यंत्राचा कडवा विरोधक बनला.

हे यंत्र करते काय? छातीला आणि पोटाला नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम टिपणाऱ्या पट्ट्या. मग प्रश्न. पण आधी पुष्कळदा एक पत्त्याचा खेळ होई. 'एक पान मनात धरा, नाही नाही म्हणा. यंत्र तुमचे पान ओळखेल.' यंत्र ओळखी आणि संशयिताची छाती दडपे. काही ठिकाणी हे पत्ते खुणेचे असत. म्हणजे सत्य शोधण्याचा मुहूर्त असत्याने!

प्रश्नांतही एक गंमत आहे. 'तिजोरी तू फोडलीस का?' या मुख्य प्रश्नाच्या जोडीला 'आयुष्यात कधी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतलीस का?' असे तुलनेचे प्रश्न असतात. इथे प्रत्येकजण 'नाही' म्हणणार आणि मनात थोडा चपापणार, असे गृहीत असते. निर्दोष माणूस या प्रश्नाला जास्त चपापतो, गुन्हेगार तिजोरीच्या प्रश्नाला, अशी ही विचारसरणी. आता समजा, एखाद्याने शेजारच्या झाडाचे संत्रेसुद्धा कधी तोडलेले नाही. तो दुसऱ्या प्रश्नाला शांतपणे 'नाही' म्हणणार आणि तिजोरीचे नाव काढताच हादरणार. म्हणजे गेला बिचारा! या परीक्षेत पास व्हायचे तर गाठीला थोडे पाप हवे.

अशी माणसे असतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सगळे त्यांना मास्तरकाका म्हणतात. रेल्वेत तिकीट खिशात असताना तपासनीस डब्यात शिरला की ते घामाघूम होतात. एका वर्षी गणपतीच्या वर्गणीत ५०० रुपये कमी भरले. हिशेब काकांकडे. बैठकीत एक तरुण कार्यकर्ता सहज म्हणून गेला, 'काका, तुम्हाले एवढा घाम कायचा येऊन राहिला?' झाले! काकांचा चेहरा पांढराफटक पडला, शब्द फुटेना. याज्ञवल्क्यांची सगळी लक्षणे एकामागून एक हजर झाली. चार दिवसांनी मांडववाल्याला दिलेल्या आगाऊ रकमेची पावती दुसऱ्याच वहीत सापडली. बरोबर ५०० रुपये. सगळे हसले, काकांना चहा पाजला. पण मधले चार दिवस काका घराबाहेर पडले नव्हते, आणि पुढल्या वर्षापासून त्यांनी हिशेबाला हात लावला नाही. गल्लीच्या बैठकीत एवढे होते. खुनाचा आळ असता तर?

यंत्राची सगळी अडचण इथेच आहे. खोटे बोलण्याचा म्हणून वेगळा घाम शरीराजवळ नाही. भीतीचा, लाजेचा, अपमानाचा आणि अपराधाचा घाम एकच. उलट निर्ढावलेल्याला घाम येतच नाही. अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्यातला एम्स हा अधिकारी १९८५ पासून रशियाला गुपिते विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा तो या चाचणीतून सुटला. पकडला गेला तो १९९४ मध्ये.

तिथल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात एक हिशेब मांडला. दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यांत दहा हेर आहेत असे धरा. दहापैकी आठ हेर सापडावेत इतकी चाळणी कडक केली, तर सुमारे १,६०० माणसे नापास होतात. त्यांत हेर आठ. बाकीचे सगळे मास्तरकाका! चाळणी सैल करून नापासांची संख्या चाळिसाच्या आसपास आणली, तर दहांपैकी आठ हेर सुटून जातात. मग हे यंत्र टिकले कसे? १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या बोलण्याची ध्वनिफीत झाली, तीत उत्तर आहे. यंत्र कितपत अचूक आहे ते आपल्याला ठाऊक नाही, पण लोक त्याला जाम टरकतात, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. पोलिसांपुढे काहीजण यंत्र पाहूनच कबुली देतात, हे खरे आहे. पण तो गुण यंत्राचा नव्हे, धाकाचा. उकळत्या तेलाजवळही तो होताच.

आमच्या धंतोलीत राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. संशयास्पद मृत्यूतला व्हिसेरा, रक्ताचे डाग असे काय काय तिथे तपासायला येते. या तपासणीचे मला मोठे कौतुक वाटते. कारण व्हिसेऱ्याला भीती वाटत नाही. सोमल असला तर आहे, नसला तर नाही. मेलेला माणूस भित्रा होता की धीट, याने निकाल बदलत नाही. मनाची तपासणी तशी होत नाही.

तरी आपल्याकडे तोही प्रयोग झाला. डोक्याला तारांची टोपी घालायची, 'मी विष विकत घेतले' अशी वाक्ये ऐकवायची आणि मेंदूच्या लहरींवरून अनुभवाची आठवण ओळखायची. संशयिताने तोंडही उघडायचे नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली, तेव्हा निकालात या चाचणीचाही आधार घेतला होता. जगभर त्याची चर्चा झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स या मेंदुविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या समितीने ही चाचणी अशास्त्रीय ठरवली.

२००४ मध्ये तेलगी मुद्रांक प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांच्या सक्तीला हरकत घेतली नव्हती. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला: पॉलिग्राफ असो, मेंदूची चाचणी असो की गुंगीचे औषध असो, सक्ती कुणावरही करता येणार नाही. राजीखुशीने करायची तर संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी, वकील मिळावा. आणि तरीही चाचणीचा निकाल हा पुरावा नव्हे. आधार राज्यघटनेतल्या कलम २० (३) चा. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

ठेल्यावर हा निकाल फारसा आवडला नाही. 'मंग चोराले पकडाचं कसं?' असा रास्त सवाल आला. उत्तर नीरस आहे: पावत्या शोधाव्यात, वह्या चाळाव्यात, साक्षीदार तपासावेत. त्याला वेळ लागतो, पाय झिजतात. पण माणसाला गप्प बसण्याचा हक्क आहे, तर त्याच्या घामालाही तो असला पाहिजे. निदान नागपुरात तरी, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि न्यायाधीश, वकील, पोलीस नि आरोपी असे सगळेच एकसारखे घामाघूम होऊन बसलेले असतात.