मोहम्मद-ए-हमीद : यारकंदला गेलेला मुन्शी

हिंदुस्थानी सर्वेक्षकांचा विषय शाळेत निघालाच, तर तो पंडित नैनसिंह रावत यांच्यापासून सुरू होतो. त्यांचा मान मोठाच आहे. पण ते १८६५ मध्ये ल्हासाकडे निघाले, त्याच्या दोन वर्षं आधी एक मुन्शी याच कामासाठी काराकोरम ओलांडून गेले होते. नाव मोहम्मद-ए-हमीद, काही ठिकाणी अब्दुल हमीद असंही येतं.

पार्श्वभूमी

त्या काळात इंग्रजांचं मोठं त्रिकोणमितीय सर्वेक्षण लडाखपर्यंत पोहोचलं होतं. पलीकडचा चिनी तुर्कस्तान, म्हणजे आजचा शिनजियांग, गोऱ्या अधिकाऱ्यांना बंद होता. कॅप्टन माँटगोमेरी यांनी पाहिलं, की हिंदुस्थानी व्यापारी मात्र लेह ते यारकंद बिनदिक्कत ये-जा करतात. यारकंद मुसलमान वस्तीचं शहर. तिथे हमीद सहज मिसळून जातील, असा त्यांचा हिशेब होता.

प्रवास आणि काम

१८६३ मध्ये हमीद काफिल्याबरोबर लेहहून निघाले. सामानात छोटं सेक्स्टंट, होकायंत्र, घड्याळं आणि थर्मामीटर होते. ताऱ्यांची उंची मोजून अक्षांश काढायचा आणि पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून जागेची उंची ठरवायची. उंचावर पाणी लवकर उकळतं, हे आपण विज्ञानात शिकवतो, तेच हे तत्त्व. हे सगळं लपूनछपून. पकडले गेले असते, तर सरकारने हात वर केले असते.

हिवाळाभर ते यारकंदमध्ये राहिले. शहराचं स्थान त्यांनी निश्चित केलं. उंची सुमारे ४,००० फूट निघाली. मग चिनी अधिकाऱ्यांना संशय येऊ लागला आणि १८६४ मध्ये ते परत फिरले. काराकोरम ओलांडला, पण लेह गाठण्याआधीच त्यांचं निधन झालं. रानटी रेवंदचिनी खाल्ल्याने असं सांगितलं गेलं. विषप्रयोगाचीही शंका होती. सर्वेक्षक विल्यम जॉन्सन यांनी चौकशी करून त्यांचे कागद मिळवले. त्या नोंदींवरून माँटगोमेरी यांनी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसाठी निबंध लिहिला.

वारसा

युरोपियन अधिकारी सोबत नसतानाही प्रशिक्षित हिंदुस्थानी माणूस भरवशाची मोजणी आणू शकतो, हे हमीद यांच्या कागदांनी सिद्ध केलं. पुढे नैनसिंह, मिर्झा शुजा आणि इतर अनेकजण याच पद्धतीने गेले. नैनसिंह यांना १८७७ मध्ये सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, २००४ मध्ये भारतीय टपाल तिकीटही निघालं. हमीद मात्र तळटिपेतच राहिले.

आपण त्यांची आठवण ठेवताना एक गोष्ट झाकू नये : हे नकाशे साम्राज्यासाठी होते, त्यांचा उपयोग कसा करायचा हे हमीद ठरवत नव्हते. पण मेहनत त्यांची होती, जीवही त्यांचाच गेला. आम्हा शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला नैनसिंहांचं नाव घेताना हमीद यांचंही घ्यावं. दोघांची गोष्ट एकत्र सांगितली, तरच ती पूर्ण होते.