बादशहाचा गुडघा आणि माणचं कोरडं पात्र

आजचा भाग जरा चिखलाने माखलेला आहे, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. आठवडाभर कोड लिहितो आणि रविवारी माउंटन बाइक काढतो. मित्र विचारतात, "सोलापुरात माउंटन कुठंय बे?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे माळ आहेत, कॅनॉलच्या कडेच्या वाटा आहेत, शेतांचे बांध आहेत आणि वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे पडलेले ओढे. ओढ्यातला मुरूम आणि वाळू म्हणजे आमचा फुकटचा ट्रेल. त्या कोरड्या पात्राचीच आज गोष्ट आहे, आणि ती सव्वातीनशे वर्षं जुनी आहे.

औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ आपल्याच जिल्ह्यात होती, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी. माचणूरला गेला असाल तर तो परिसर बघितला असेल. तिथून तो साताऱ्यावर गेला. १७०० च्या एप्रिलमध्ये सातारा पडला, जूनमध्ये परळी, म्हणजे आपला सज्जनगड. आणि मग पाऊस लागला. परतीच्या वाटेवर कृष्णेला पूर होता, नावा मोजक्या आणि मोडकळीला आलेल्या, ओझ्याची जनावरं चिखलात मरत होती. भूषणगडापर्यंतचं जेमतेम ४५ मैलांचं अंतर कापायला त्या फौजेला ३५ दिवस लागले. जदुनाथ सरकारांनी हे सगळं लिहून ठेवलंय. लढाईपेक्षा मला तो चिखलच जास्त लक्षात राहिला, कारण त्यात मी स्वतः सायकल ढकललीय.

ऑगस्टअखेर छावणी खवासपूरला आली. सांगोला तालुक्यात, माण नदीवर. माण ही दुष्काळी नदी, साताऱ्याच्या डोंगरात उगम पावून आटपाडी-सांगोल्यावरून भीमेकडे येणारी. पात्र कोरडं होतं, म्हणून तंबू दोन्ही काठांवर आणि थेट पात्रातही ठोकले. १ ऑक्टोबरच्या रात्री वरच्या डोंगरात अवेळी जोराचा पाऊस झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास पाणी छावणीत घुसलं. एकच आक्रोश उठला. बादशहाला वाटलं, मराठे आले! ऐंशी ओलांडलेला माणूस, घाईत उठला, अडखळला आणि उजवा गुडघा निखळला. तो नीट बसला नाही तो नाहीच. उरलेलं आयुष्य तो लंगडतच चालला. दरबारी लोकांनी समजूत काढली म्हणे, की हा तर तैमूरलंगाचा वारसा!

हसू येतं, पण त्याच चुकीच्या जागी मीही उभा राहिलोय.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस याच महिन्यात पडतो, तोही बहुतेक दुपारनंतर, गडगडाट करत. आम्ही तिघं ओढ्यातून चाललो होतो. डोक्यावर कडक ऊन, लांब पश्चिमेला काळं. "ते तिकडं पडतंय, आपल्याला काय?" हे वाक्य माझंच. अर्ध्या तासात पायाखालची वाळू ओली झाली, मग गढूळ पाण्याची जीभ पुढे सरकताना दिसली. पळालो, काठ चढून शेतात शिरलो. तिथे काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला अशी धरते की चाक फोर्कमध्ये फिरतच नाही. तरी आम्ही बांधावरून रेटत नेली. मागे वीतभर खोल चर.

शेतकरी आजोबा बघत होते. रागावले नाहीत. म्हणाले, "पोरांनो, खांद्यावर घ्या की ती. ह्या चरातनं पुढचं पाणी जाईल आन् बांध फुटंल. मग माती कुठनं आणू मी?"

घरी येऊन दोन तास चेन धूत बसलो, पण डोक्यात तो बांधच होता. पुढच्या रविवारी फावडं घेऊन गेलो. आजोबांनी चहा पाजला आणि चर कसा बुजवायचा ते शिकवलं, कारण मी तोही चुकीचाच बुजवत होतो.

तेव्हापासून आमच्या ग्रुपचं ठरलंय. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओढ्यात उतरायचं नाही, आकाश कितीही निळं असो. मोठा पाऊस झाला की काळ्या मातीला दोन-तीन दिवस कडक ऊन मिळू द्यायचं, तोवर मुरमाचा माळ नाहीतर सरळ डांबरी. बोटाने दाबल्यावर माती चिकटली तर मागे फिरायचं. विजांसाठी 'दामिनी' ॲप असतं. आणि रडारचं चित्र बघताना माणकाठी जायचं असेल तर सांगोल्यावर नाही, म्हसवड-दहिवडीवर नजर ठेवायची. सीनेकाठी जायचं असेल तर अहिल्यानगरकडे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने काय केलं ते आपण पाहिलंच, त्यातलं कितीतरी पाणी वरून आलेलं होतं.

यंदा जानेवारीत सायकली टेम्पोत टाकून खवासपूरला जाऊन आलो. नदीत नुसती वाळू आणि काठाला वेड्या बाभळी. काट्यांनी दोन पंक्चर झाले. जेवायला सावली पात्रातच होती, पण तिघंही न बोलता काठावर उन्हात बसलो.