गच्चीवरचं विमान

आमच्या वाशीच्या कार्यशाळेत मुलं बाल्साच्या पातळ फासळ्या चिकटवून स्पर्धेचं विमान बांधतात. गुण उचललेल्या भाराचे, म्हणून एकेका ग्रॅमसाठी वाद घालतात. अशीच विद्यार्थ्यांची एसएई एअरो डिझाइन स्पर्धा अमेरिकेत १९८६ साली सुरू झाली. पण मी त्यांना आधी कांदिवलीची गोष्ट सांगतो. वैमानिक अमोल यादवांनी तिथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं! ना हँगर, ना धावपट्टी. फेब्रुवारी २०१६मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहासाठी ते सुटं करून खाली उतरवलं, वांद्रे-कुर्ला संकुलात पुन्हा जोडलं. सरकारी नोंदणीला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला. ही दीड-पावणेदोन वर्षांची वाट मला बांधणीइतकीच मोठी वाटते, आणि मुलांना ती मी तारखांसकट सांगतो.