एक शेरीफ, बेचाळीस शहरे : लॉस एंजेलिस काउंटीची पोलीस व्यवस्था

शेरीफ हा शब्द मराठी वाचकांना नवा नाही. हॉलीवूडच्या चित्रपटांतील घोड्यावर बसलेला, छातीवर बिल्ला लावलेला कायद्याचा रक्षक अनेकांच्या डोळ्यांसमोर असतो. मुंबईतही ब्रिटिश काळापासून शेरीफ, म्हणजेच नगरपाल, नेमण्याची प्रथा आहे. सुनील गावस्कर यांच्यासारख्या नामवंतांनी ते पद भूषविले आहे. मात्र ते मानाचे पद आहे, सत्तेचे नव्हे. अमेरिकेत याच नावाचे पद आजही प्रत्यक्ष अधिकाराचे आहे. देशातील तीन हजारांहून अधिक काउंट्यांपैकी बहुतेक ठिकाणी शेरीफ मतदारांकडून निवडला जातो. या शेरीफ कार्यालयांत सर्वांत मोठे कार्यालय कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीचे आहे. एवढ्या मोठ्या यंत्रणेची रचना कशी असते, तिचा खर्च कोण करतो आणि तिला जाब कोण विचारतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

काउंटीचा पसारा

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्हा. फरक इतकाच की तिचा कारभार निवडून आलेले मंडळ चालविते. लॉस एंजेलिस काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास तिप्पट आहे. लोकसंख्या मात्र सुमारे एक कोटी आहे; २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. समुद्रकिनारा, दाट वस्तीची उपनगरे, डोंगररांगा, वाळवंटी पठार आणि समुद्रातील कॅटालिना बेट असा सारा प्रदेश या एका काउंटीत येतो.

काउंटीत ८८ शहरे आहेत. लॉस एंजेलिस हे त्यांतील सर्वांत मोठे शहर असून त्याचे स्वतःचे स्वतंत्र पोलीस दल आहे. शहराचे पोलीस दल आणि काउंटीचे शेरीफ कार्यालय या दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. बाहेरचे लोक अनेकदा त्यांची गल्लत करतात. लाँग बीच, पासाडेना, बरबँक अशा शहरांचीही आपापली पोलीस दले आहेत. मात्र ४२ शहरांनी स्वतःचे दल न ठेवता शेरीफ कार्यालयाशी करार केला आहे. याशिवाय कोणत्याही शहराच्या हद्दीत न मोडणारा बराच मोठा भूभाग आहे आणि तेथे सुमारे दहा लाख लोक राहतात. त्यांना नगरपालिका नाही, महापौर नाही. त्यांच्यासाठी पोलीस म्हणजे थेट शेरीफ.

जानेवारी २०२५ मध्ये ईटन वणव्याने उद्ध्वस्त केलेले अल्टाडेना हे असेच एक बिगरनगरपालिका क्षेत्र. तेथील घरोघरी जाऊन लोकांना बाहेर काढण्याची जबाबदारी शेरीफच्या माणसांवर होती. त्या गावाच्या पश्चिम भागात घरे सोडण्याचे आदेश उशिरा पोहोचले आणि बहुतेक बळी त्याच भागात गेले. आदेश कोणी द्यायचा, तो कोणी पोहोचवायचा आणि चुकल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न त्यानंतर काउंटीच्या विविध खात्यांना विचारले गेले. प्रशासकीय रचना हा रुक्ष विषय वाटतो. परंतु संकटाच्या रात्री तोच जीवनमरणाचा ठरतो.

एका छताखाली तीन कामे

गोव्यात पोलीस खाते, कारागृह खाते आणि न्यायालयाचे बेलिफ या तीन स्वतंत्र यंत्रणा आहेत. लॉस एंजेलिस काउंटीत ही तिन्ही कामे शेरीफकडे आहेत.

पहिले काम गस्त आणि गुन्हे तपासाचे. दुसरे काम तुरुंगांचे. काउंटीचे तुरुंग शेरीफ चालवितो आणि तेथील कैद्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत १२ ते १३ हजारांच्या घरात राहिली आहे. यांतील बरेच जण खटल्याची वाट पाहणारे, म्हणजे दोष सिद्ध न झालेले असतात. तिसरे काम न्यायालयांचे. न्यायदालनातील सुरक्षा, कैद्यांची ने-आण, दिवाणी समन्स बजावणे आणि न्यायालयाच्या आदेशाने घर रिकामे करून देणे ही कामेही शेरीफचे कर्मचारीच करतात.

या सर्वांसाठी सुमारे १८ हजार मंजूर पदे आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक शपथबद्ध, म्हणजे अटकेचे अधिकार असलेले अधिकारी असून उरलेले नागरी कर्मचारी आहेत. वार्षिक अंदाजपत्रक सुमारे चार अब्ज डॉलरचे आहे.

अधिकाराची उतरंड सरळ आहे. सर्वांत वर शेरीफ, त्याखाली अंडरशेरीफ, मग सहायक शेरीफ. त्यांच्या हाताखाली विभाग असतात आणि प्रत्येक विभागाचा प्रमुख चीफ असतो. गस्तीचे काम उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशा चार विभागांत वाटलेले आहे. गुन्हे अन्वेषण, विशेष कारवाया, न्यायालयीन सेवा आणि कारागृहे यांचे विभाग वेगळे आहेत. त्याखाली ठाणी येतात. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन असतो; त्याच्या हाताखाली लेफ्टनंट, सार्जंट आणि शेवटी डेप्युटी.

एका ठाण्याकडे अनेकदा कित्येक शहरे असतात. मालिबू–लॉस्ट हिल्स ठाण्याच्या हद्दीत मालिबू, कॅलाबासस, अगौरा हिल्स, हिडन हिल्स आणि वेस्टलेक व्हिलेज ही पाच शहरे आहेत. याउलट कॅटालिना बेटावरील अ‍ॅव्हलॉन या छोट्या शहरासाठी बेटावरच वेगळे ठाणे आहे. खुनाचा तपास, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, हेलिकॉप्टर, बॉम्ब निकामी करणारे पथक यांसारख्या गोष्टी प्रत्येक ठाण्याला परवडणाऱ्या नसतात. त्या मध्यवर्ती ठेवलेल्या आहेत. स्वतःचे पोलीस असलेली लहान शहरेदेखील खुनाच्या तपासासाठी शेरीफच्या पथकाला बोलावतात.

लेकवूडचा करार

शहरांनी पोलीससेवा विकत घेण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया लेकवूड येथे घातला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर लाँग बीचच्या शेजारी हजारो घरांची ही वसाहत झपाट्याने उभी राहिली. लाँग बीच आपल्याला गिळंकृत करील, अशी भीती रहिवाशांना होती. स्वतंत्र शहर व्हावे, तर पोलीस, अग्निशमन, रस्ते यांचा खर्च झेपणारा नव्हता. १९५४ मध्ये लेकवूड स्वतंत्र शहर झाले आणि त्याने बहुतेक सेवा काउंटीकडूनच पैसे देऊन घेण्याचे ठरविले. ही पद्धत पुढे ‘लेकवूड योजना’ म्हणून ओळखली गेली. त्यानंतर काउंटीत निर्माण झालेल्या बहुसंख्य शहरांनी तीच वाट धरली. १९८४ मध्ये स्थापन झालेले वेस्ट हॉलीवूड आणि १९८७ मधील सांता क्लॅरिटा ही त्यांतील ठळक उदाहरणे. कॉम्पटनने तर २००० मध्ये स्वतःचे जुने पोलीस दल बरखास्त करून शेरीफची सेवा घेतली.

कराराचा हिशेब तासांवर चालतो. शहर ‘युनिट’ विकत घेते. ४० तासांचे युनिट म्हणजे आठवड्याचे पाच दिवस एकेक पाळी; ५६ तासांचे युनिट म्हणजे सातही दिवस रोज आठ तास एक डेप्युटी. चोवीस तास एक गस्ती गाडी हवी असेल, तर ५६ तासांची तीन युनिटे घ्यावी लागतात. डेप्युटीची रजा वा आजारपण यांची चिंता शहराला नसते. तेवढे तास भरून देण्याची जबाबदारी शेरीफची. युनिटचा दर काउंटी दरवर्षी ठरविते आणि त्यात वेतनाबरोबर गाडी, देखरेख, नियंत्रण कक्ष यांचा खर्च धरलेला असतो. पोलिसांविरुद्धच्या दाव्यांत द्याव्या लागणाऱ्या भरपाईसाठी शहरांना वेगळी रक्कम भरावी लागते. संपूर्ण काउंटीला उपलब्ध असलेल्या सेवांचे शुल्क मात्र करारातील शहरांकडून घेता येत नाही; कारण तेथील नागरिकांनी काउंटीचा कर आधीच भरलेला असतो.

या पद्धतीचा लाभ उघड आहे. लहान शहराला प्रयोगशाळा, तुरुंग, प्रशिक्षण संस्था यांपैकी काहीही उभारावे लागत नाही. ठाण्याचा कॅप्टन व्यवहारात त्या शहराचा पोलीसप्रमुख म्हणून वावरतो, नगर परिषदेच्या बैठकीत अहवाल देतो. त्रुटीही तितकीच उघड आहे. दर वाढले की शहरापुढे दोनच पर्याय उरतात : जास्त पैसे देणे किंवा तास कमी करणे. शिवाय डेप्युटी हा शेरीफचा नोकर असतो. त्याची नेमणूक, बदली वा शिक्षा नगर परिषदेच्या हाती नसते. शहराकडे शेवटचे अस्त्र एकच, करार मोडणे. आणि नवे पोलीस दल उभारण्याचा खर्च पाहता ते अस्त्र सहसा म्यानातच राहते.

तुरुंगाची सावली

शेरीफ कार्यालयात भरती झालेला डेप्युटी थेट रस्त्यावर जात नाही. परंपरेने त्याची पहिली नेमणूक तुरुंगात होते आणि काही वर्षांनंतर त्याला गस्तीचे काम मिळते. त्यामुळे नागरिकांशी वागण्याची त्याची पहिली घडण कैद्यांवर पहारा करताना होते. या प्रथेवर टीका झाली, ती याच कारणाने.

१९६३ मध्ये सुरू झालेले पुरुषांचे मध्यवर्ती कारागृह या टीकेच्या केंद्रस्थानी राहिले आहे. तेथे डेप्युटींकडून कैद्यांना मारहाण होत असल्याच्या तक्रारी वाढल्यावर काउंटीने नागरिकांचा आयोग नेमला. या आयोगाने २०१२ मध्ये वरिष्ठांच्या अपयशावर कठोर ताशेरे ओढले. केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआय याच प्रकरणाचा तपास करीत असताना तिला माहिती देणाऱ्या कैद्यालाच दडवून ठेवण्यात आले. त्यातून शेरीफ ली बाका यांनी २०१४ मध्ये पद सोडले आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल २०१७ मध्ये त्यांना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. देशातील सर्वांत मोठे तुरुंग चालविणारा अधिकारी स्वतःच दोषी ठरला. हे जुने कारागृह बंद करण्याची दिशा काउंटीच्या मंडळाने २०२१ मध्ये ठरविली. तरीही ते पुढे वापरात राहिले.

अंकुश कोणाचा?

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार प्रत्येक काउंटीत निवडून आलेला शेरीफ असलाच पाहिजे. लॉस एंजेलिस शहराच्या पोलीसप्रमुखाची निवड महापौर करतात. शेरीफला मात्र कोणीही नेमत नाही. काउंटीचे पाच सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ त्याचे अंदाजपत्रक मंजूर करते, पण त्याच्या तपासकामात हस्तक्षेप करू शकत नाही. मतदार निवडणुकीत बोलतात, तेही क्वचितच पदावरील व्यक्तीच्या विरोधात. २०१८ मध्ये अ‍ॅलेक्स व्हिलानुएव्हा यांनी जिम मॅकडोनेल यांना हरविले, तेव्हा पदावरील शेरीफ पराभूत होण्याची शतकाहून अधिक काळातील ती पहिलीच घटना होती.

बाका प्रकरणानंतर २०१४ मध्ये महानिरीक्षकांचे कार्यालय आणि २०१६ मध्ये नागरी देखरेख आयोग स्थापन झाला. मार्च २०२० च्या सार्वमताने आयोगाला साक्षीसाठी समन्स काढण्याचा अधिकार मिळाला. व्हिलानुएव्हा यांनी ती समन्से जुमानली नाहीत. दलातील काही डेप्युटींनी गोंदणे आणि गुप्त निष्ठांच्या आधारे बनविलेल्या टोळ्यांचा प्रश्नही याच काळात ऐरणीवर आला. २०२१ मध्ये राज्याने अशा टोळ्यांवर कायद्याने बंदी घातली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी एकाच दिवशी दोन निर्णय दिले. व्हिलानुएव्हा यांच्या जागी लाँग बीचचे माजी पोलीसप्रमुख रॉबर्ट लुना यांना निवडले आणि सबळ कारण असल्यास चार-पंचमांश बहुमताने शेरीफला पदच्युत करण्याचा अधिकार पर्यवेक्षक मंडळाला दिला.

भारतातील पोलीस सुधारणांची चर्चा नेमकी उलट टोकाकडून सुरू होते. येथे पोलीस हा राज्याचा विषय आहे, पोलीसप्रमुख सरकार नेमते आणि चिंता असते ती राजकीय दबावाची. म्हणूनच प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस महासंचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा आणि राज्य सुरक्षा आयोग स्थापावा, असे निर्देश दिले. लॉस एंजेलिसमध्ये शेरीफ सरकारच्या दबावापासून जवळजवळ मुक्त होता. तेथे शोध घ्यावा लागला तो अंकुशाचा. पोलीसप्रमुख नेमलेला असो वा निवडलेला, निवड झाल्यानंतरच्या दैनंदिन कारभारावर स्वतंत्र नजर ठेवणारी, कागदपत्रे मागू शकणारी यंत्रणा आवश्यक असते. एक कोटी लोकांच्या त्या काउंटीला ही गोष्ट कळायला तुरुंगातील मारहाण, न्यायालयीन खटले आणि दोन सार्वमते एवढी किंमत मोजावी लागली.