पुराचें पाणी आणि नाट्यगृहांतील ऑर्गन

ऑर्गन म्हटला म्हणजे आपणां ख्रिस्ती लोकांच्या डोळ्यांपुढें देवळांतील गायकवृंदाचा सज्जा उभा राहतो. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ह्याच वाद्याची एक शाखा अमेरिकेंतील नाट्यगृहांत व चित्रपटगृहांत नांदत होती. तिच्यावर पुराचा जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेंत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या शाखेचें मूळ देवळांतच आहे. रॉबर्ट होप-जोन्स (१८५९–१९१४) हा इंग्लंडांतील एका टेलिफोन कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ बर्कनहेड येथील सेंट जॉन देवळांत ऑर्गन वाजवीत असे. पूर्वीं स्वरपट्ट्या व नळ्या लांकडी काड्यांनीं व तारांनीं जोडलेल्या असत. म्हणून वादकाला नळ्यांजवळच बसावें लागे. होप-जोन्सनें ह्या देवळांतील ऑर्गनाला विजेची जोडणी दिली आणि हें बंधन तोडलें. पुढें तो अमेरिकेस गेला, व १९१० सालीं वुर्लिट्झर कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला. मूक चित्रपटांना संगीताची साथ हवी होती; ह्या कंपनीनें असे दोन हजारांहून अधिक ऑर्गन बांधले.

आतां नाट्यगृहांतील मांडणी पाहा. नळ्या रंगमंचाच्या बाजूंस उंचावरील कोठड्यांत ठेवीत. स्वरपट्ट्यांचें मेज मात्र रंगमंचापुढील वादकांच्या खळग्यांत, वरखालीं होणाऱ्या पाळण्यावर असे. खेळ सुरू होतांच तें दिव्यांच्या झोतांत वर येई, आणि प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करीत. खेळ संपला कीं तें इमारतीच्या अगदीं खालच्या जागीं जाऊन बसे. विजेनें दिलेली ही सोयच पुढें संकटाचें कारण झाली.

आयोवा राज्यांतील सीडर रॅपिड्स शहरांत १९२८ सालीं दोन नाट्यगृहें उघडलीं. कॅपिटॉल (पुढें पॅरामाउंट) नाट्यगृहांत वुर्लिट्झरचा ऑर्गन होता, व आयोवा नाट्यगृहांत बार्टन कंपनीचा. बार्टनचें मेज काळ्या मखमलीनें मढवून वर चमकते खडे बसविलेले होते. बोलपट आल्यावर देशभर असे शेंकडों ऑर्गन मोडीत निघाले; हे दोन मात्र ऑर्गनप्रेमींच्या जपणुकीमुळें टिकले.

१३ जून २००८ रोजीं सीडर नदीचें पाणी ३१.१२ फुटांवर चढलें. त्यापूर्वींचा १८५१ व १९२९ सालांतील उच्चांक २० फुटांचा होता. सुमारें दहा चौरस मैल शहर जलमय झालें, आणि दोन्ही नाट्यगृहांत पाणी शिरलें. खळग्यांतील मेजांची दुर्दशा झाली. पॅरामाउंटचें तर जागेवरून उखडून मोडून पडलें. अशा मेजाचे सांधे सरसानें जोडलेले असतात. पाण्यांत सरस विरघळतो, लांकूड फुगतें, वरचे पापुद्रे सुटतात, विजेच्या जोडण्या गंजतात, आंतील चामड्याच्या बारीक थैल्या निकामी होतात. पॅरामाउंटच्या उंचावरील नळ्यांपर्यंत मात्र पाणी पोहोंचलें नाहीं. ज्या विजेनें वादकाला नळ्यांपासून दूर नेलें, तिनेंच अर्धें वाद्य बुडविलें व अर्धें तारिलें.

आयोवा नाट्यगृह २०१० सालीं व पॅरामाउंट २०१२ सालीं पुन्हां उघडलें. सप्टेंबर २०१६ मध्यें नदी पुन्हां सुमारें २२ फुटांवर चढली. परंतु ह्या वेळीं नागरिकांनीं व अधिकाऱ्यांनीं आठवड्याच्या आंत तात्पुरते बांध उभारले, आणि मोठी हानि टळली.

वाचकहो, पूर आपल्या हातीं नाहीं. वस्तु कोठें ठेवावी हें मात्र आपल्या हातीं आहे. सोयीची जागा आणि सुरक्षित जागा ह्या पुष्कळदां निरनिराळ्या असतात. आपल्या देवळांतही बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या नोंदवह्या आहेत, पूजावस्त्रें आहेत, पूर्वजांनीं दिलेल्या मूर्ति आहेत. महोत्सवाच्या वर्षीं त्यांचें कौतुक करावें हें योग्यच. परंतु मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं त्या उंच फळीवर चढल्या आहेत ना, हें पाहणें हाही त्या कौतुकाचाच भाग होय.