मॉलचा तिसरा मजला

"सर, टॉकीज म्हणजे काय?"

नववीच्या वर्गात एका मुलाने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही खडू हातात धरून क्षणभर उभेच राहिलो. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही इतिहास शिकवतो. वय अजून चाळिशीला पोचलेले नाही. आमच्या लहानपणी मोहल्ल्याचा पत्ता दोन खुणांनी सांगितला जाई, एक मशीद आणि दुसरी टॉकीज. आम्ही म्हणालो, "जिथे सिनेमा लागतो ती जागा." त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे मॉलचा तिसरा मजला? पण तो तर बंद झाला!"

जे टॉकीजच्या जागी आले तेही या मुलांच्या डोळ्यांदेखत गेले. त्या तिसऱ्या मजल्याचा इतिहास कोणी तरी सांगायला हवा.

ही कल्पना मुळात आपल्याकडची नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीत स्टॅनली ड्युरवूड यांनी वॉर्ड पार्कवे या खरेदी केंद्रात दोन पडद्यांचे चित्रपटगृह उघडले. हिशेब साधा होता. मशीनची खोली एक, खाण्याचा स्टॉल एक, नोकरमाणसे तेवढीच. पडदे मात्र दोन. एक सिनेमा पडला तरी दुसरा खर्च भागवी, आणि गाड्या लावायला जागा मॉलची. मॉल आणि सिनेमा यांचा हा निकाह पुढे जगभर लागला.

आपल्याकडे १९८० नंतर व्हिडिओ आणि १९९० नंतर केबल घरात शिरली. टॉकीजची रौनक उतरली, मोडलेल्या खुर्च्या मोडक्याच राहिल्या. १९९७ मध्ये दिल्लीतील साकेत येथे अनुपम या जुन्या चित्रपटगृहाचे रूपांतर पीव्हीआरने चार पडद्यांत केले. देशातील पहिला मल्टिप्लेक्स तो हाच. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. पहिली तीन वर्षे पूर्ण, पुढची दोन वर्षे बरीचशी. ही सूट तिकीट स्वस्त व्हावे म्हणून नव्हती, इमारत उभी राहावी म्हणून होती. म्हणजे या पडद्यांच्या पायात सार्वजनिक पैसा होता, हे विसरता येत नाही.

जमीन कुठून आली, हेही पाहिले पाहिजे. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उठले, आणि पुढे या मिलच्या आवारात मॉल आणि मॉलमध्ये चित्रपटगृह आले. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मोठ्या संख्येने होते. मदनपुऱ्यातील कितीतरी घराण्यांची रोजी त्या साच्यांवर चाले. जिथे दादाजान घाम गाळत, तिथे नातू पॉपकॉर्न खाऊ लागला. यात प्रगती किती आणि नुकसान किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मॉलने सिनेमाला वरचा मजला दिला. सरकत्या जिन्यावरून वर जाताना प्रत्येक दुकान नजरेखालून गेले पाहिजे, हा त्यातला हेतू. तिकिटाच्या पैशात वाटेकरी असतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने झगडा चालला, नवे हिंदी सिनेमे लागलेच नाहीत. शेवटी पहिल्या आठवड्याचा निम्मा वाटा निर्मात्यांकडे, असे ठरले. पॉपकॉर्नच्या पैशात मात्र निर्मात्याला वाटा नाही. म्हणून त्याचा भाव चढत गेला.

इन्साफाने बोलायचे तर या पडद्याने दिलेही पुष्कळ. शिट्ट्या आणि धक्काबुक्कीच्या भीतीने आमच्या अम्मीने टॉकीजची पायरी कधी चढली नव्हती. मॉलमध्ये ती पहिल्यांदा सिनेमाला आली, खालाही आल्या. स्वच्छ स्वच्छतागृह आणि निर्धास्त अंधार या गोष्टी बायकांसाठी लहान नसतात. पण दारावर तिच्या पिशवीतला खजुरांचा डबा काढून घेतला गेला, आणि तिकिटाचा आकडा पाहून अब्बा म्हणाले, "इतने में तो ईद का शीरखुर्मा हो जाता!" बाहेरच्या खाण्यावरून २०१८ मध्ये महाराष्ट्रात आंदोलने झाली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाला असा मज्जाव करण्याचा अधिकार असल्याचे सांगितले. अम्मी मात्र त्यानंतर फारशी गेली नाही.

मराठी सिनेमाचीही हीच तक्रार होती. सूट महाराष्ट्राची आणि संध्याकाळचा खेळ मात्र दुसऱ्याचा. २०१५ मध्ये शासनाला प्राइम टाइमचा नियम आणावा लागला. २०१६ मध्ये 'सैराट' मॉलमध्येही चालला आणि गावच्या टॉकीजमध्येही. प्रेक्षक होता, त्याला बोलावणारा हवा होता.

उतार मग हळूहळू आला. सवलतीची वर्षे सरली. २०१७ मध्ये जीएसटी आला. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के, २०१९ पासून १८ टक्के. ओटीटीने सिनेमा मोबाइलवर आणला. मार्च २०२० मध्ये कोरोनाने दारे बंद केली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबरमध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, २०२१ मध्ये पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स एक झाले, आणि मे महिन्यात या कंपनीने सुमारे ५० तोट्यातील पडदे बंद करण्याचे जाहीर केले. त्यातले बरेचसे अशा मॉलमध्ये होते, ज्यांचेच आयुष्य संपत आले होते. त्याच वर्षी ६९९ रुपयांत महिन्याला दहा सिनेमे, तेही सोमवार ते गुरुवार, अशी योजना निघाली. रिकाम्या खुर्च्यांची ती कबुलीच होती.

सिनेमा संपला, असे आम्ही म्हणणार नाही. २०२४ मध्ये जुना 'तुंबाड' पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोक आले. संपला तो मॉलच्या आधाराने जगणारा पडदा. आमच्या शाळेजवळच्या मॉलमध्ये आधी कपड्यांची दुकाने गेली, मग खेळण्यांची. मग सरकता जिना थांबला आणि मागोमाग सिनेमा गेला. तो बंद झाला तेव्हा मोहल्ल्यात कोणी हळहळले नाही. टॉकीज बंद झाली तेव्हा आमचे अब्बा दोन दिवस तिच्याबद्दलच बोलत होते. मोहल्ल्यातल्या अर्ध्या माणसांना ज्याने दारातच अडवले, त्याच्यासाठी रडणार कोण?

त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि मुलांना घरचा अभ्यास दिला. दादा-दादींना, नाना-नानींना विचारा, तुमची टॉकीज कोणती, तिकीट किती, आणि सोबत कोण बसायचे? आतापर्यंत बावीस वह्या आल्या आहेत. तिकिटाचे दर बहुतेकांना आठवत नाहीत. सोबत कोण होते, हे मात्र प्रत्येकाने नावानिशी लिहून दिले आहे.